हळद, तर्री आणि आगळ झेलणारा ओटा कुठला?

चैत्रपालवी

मंडळी, स्वयंपाकघराचं काम काढलंय. ट्रॉल्या ठरल्या, चिमणी ठरली, डाडोच्या (ओट्यामागच्या भिंतीच्या) टाइल्सही पसंत झाल्या, घोडं अडलंय ते ओट्यावर. डोंबिवलीतला जुना फ्लॅट, सध्याचा ओटा कडप्प्याचा. लेकीला पांढराशुभ्र क्वार्ट्झ हवा आहे. सासूबाईंचं म्हणणं, पांढरा ओटा आणि आपलं घर यांचा ३६चा आकडा आहे.

त्यांचं अगदीच चूक नाही. सासर सांगलीचं, त्यामुळे राजापुरी हळद आणि कांदा-लसूण मसाला हात सैल सोडून. माहेर वेंगुर्ल्याचं, म्हणजे आगळ (कोकमाचा आंबट रस), सोलकढी, मालवणी मसाला. वर उन्हाळ्यात लोणच्याचा घाट. दुकानात गेलं की जो दगड दाखवतील तो 'एकदम स्टेनप्रूफ'. कशावरही हात ठेवला आणि दुकानदार तसं म्हणाला नाही, असं झालेलंच नाही.

दिसायला काय छान ते सांगू नका, ते बघून झालंय. तुमच्या ओट्यावर हळद-तेल सांडल्यावर काय होतं ते सांगा.

तर्रीबाज

काळा ग्रॅनाइट. विषय संपला.
(नागपूर. घरी दर रविवारी सावजी. पुरावा म्हणून एवढं बास.)

कढीपत्ता

तर्रीबाज, काळ्यावर डाग पडत नाही की दिसत नाही? दोन्हीत फरक आहे हो.

तर्रीबाज

जो दिसत नाही तो पडलाच नाही, असं आमच्या घरचं धोरण.

पितळी_डबा

आमच्याकडे पांढरा क्वार्ट्झ आहे, मॉड्युलर किचनबरोबर घेतलेला. खरं सांगते, हळदीने मी घाबरले होते तेवढा त्रास झाला नाही. लगेच पुसलं तर काहीच राहत नाही. रात्रभर राहिलं तर फिकट पिवळी छटा येते, ती बेकिंग सोड्याच्या पेस्टने जाते.

डाग पडला तो वेगळाच. फोडणीची पळी गॅसवरून उतरवली आणि तशीच ओट्यावर टेकवली. पळीच्या बुडाएवढा तपकिरी गोल उमटला. तो मसाल्याचा नाही, जळल्याचा. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला आणि 'उष्णतेचं नुकसान वॉरंटीत येत नाही' असं कागदावर लिहून गेला. तेव्हापासून त्या जागी मिक्सर उभा आहे.

जांभा_दगड

माझा व्यवसाय फरशी-ग्रॅनाइट बसवण्याचा, कोल्हापूर-इचलकरंजी भागात. दगड विकत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

पितळी_डबा ताईंचं बरोबर आहे. क्वार्ट्झ म्हणजे खाणीतून निघालेली अखंड शिळा नाही. साधारण ९० टक्के आणि वर क्वार्ट्झचा चुरा, बाकी रेझिन, असं दाबून भाजून केलेली लादी. रेझिनमुळे त्यात छिद्रं जवळजवळ नसतात, म्हणून डाग आत शिरत नाही. पण तेच रेझिन गरम भांड्याला दगा देतं. १५० अंशांच्या आसपास ते बिघडायला लागतं आणि तळणीचं तेल त्याच्या वरच असतं. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पांढरा क्वार्ट्झ पिवळसरही पडतो. मग गिऱ्हाईक हळदीला शिव्या घालतं.

ग्रॅनाइटच्या बाबतीत एक गैरसमज सगळीकडे आहे. 'ग्रॅनाइट' हे एका दगडाचं नाव राहिलेलंच नाही. बाजारात जो जो कठीण, पॉलिश घेणारा दगड आहे त्याला ग्रॅनाइट म्हणतात. काळे जे असतात त्यातले बरेचसे शास्त्राच्या हिशोबाने ग्रॅनाइट नाहीतच. ब्लॅक गॅलेक्सी घ्या. आंध्रात ओंगोलजवळ चिमकुर्तीला निघतो, तो गॅब्रो जातीचा. घट्ट, बारीक कणांचा, पाणी नावाला पितो. याउलट पांढुरके, करडे, मोठ्या कणांचे ग्रॅनाइट पाणी आणि तेल दोन्ही पितात. काश्मीर व्हाइट त्यात सगळ्यात बदनाम. (तो काश्मीरचाही नाही, तामिळनाडूचा.) त्यावर तेलाचा थेंब पडला की चार दिवसांनी आसपास गडद कडं दिसतं. म्हणून 'ग्रॅनाइट घ्या' हा सल्ला अर्धाच आहे. कुठला ते विचारा.

दुकानात करायच्या गोष्टी:

नमुन्याच्या तुकड्यावर पाण्याचे चार थेंब टाकून चहा प्या. पंधरा मिनिटांनी पुसा. खाली ओला गडद ठिपका राहिला तर दगड पितो आहे. राहिला नाही तर पुढे बोला.

काळा घेत असाल तर पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हरचं अ‍ॅसिटोन घेऊन घासा. फडकं काळं झालं तर तो दगड मुळात करडा आहे, रंग चढवून काळा केलाय. असा माल सर्रास मिळतो. वर्षा-दोन वर्षांत शेगडीच्या पुढे, जिथे रोज पुसलं जातं तिथे, पांढुरका पडतो आणि लोक म्हणतात ग्रॅनाइटला डाग पडला.

लेदर फिनिश (चकाकी नसलेला, चामड्यासारखा उंचसखल पृष्ठभाग) ओट्याला घेऊ नका. हाताला छान लागतं, फोटोत छान येतं. त्या खोलगट जागांत हळद आणि पीठ बसतं आणि तुम्ही ब्रश घेऊन बसता.

कढीपत्ता

हा प्रतिसाद साठवून ठेवला. रंग चढवलेला काळा हे प्रकरण मला नवीन आहे.

रुखवत

लेदर फिनिशबद्दल असहमत. आमच्याकडे काळ्या रंगात आहे, काही त्रास नाही. पॉलिशवर बोटांचे ठसे आणि पाण्याचे पांढरे डाग किती दिसतात ते कुणी सांगत नाही.

जांभा_दगड

काळ्यात चालून जातं, मान्य. पांढऱ्या लेदरमध्ये घेऊन दाखवा, मग बोलू. आणि पांढरे डाग मसाल्याचे नाहीत, बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे आहेत. ते कुठल्याही काळ्यावर दिसणार.

बाराखडी_मास्तर

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक असल्याने राहवत नाही. थोडं लांबण लावतो.

हळदीचा रंग म्हणजे कर्क्युमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून कोरडी हळद सांडली तर फडक्याने झटकली जाते, पण फोडणीतली हळद तेलाच्या पाठीवर बसून छिद्रात शिरते. लाल तिखटाचा रंग कॅरोटिनॉइड गटातला, तोही तेलाचाच सोबती. तर्रीवर जो लाल तवंग दिसतो तो हाच. आगळ आणि बीट यांचे रंग पाण्यात विरघळणारे, त्यामुळे ते धुऊन निघतात. आगळाचं भय रंगाचं नाही, आंबटपणाचं आहे.

यावरून साफ करण्याचा क्रम ठरतो. आधी तेल काढायचं, मग रंग. लोक पिवळं दिसलं की पाण्याने घासत बसतात. पाण्याने तेल हलत नाही, तेलातली हळदही हलत नाही. भांड्याचा लिक्विड साबण कोमट पाण्यात घेऊन आधी तेलकटपणा घालवा.

इथे एक गंमत होते आणि अनेकांची तारांबळ उडते. साबण किंवा धुण्याचा सोडा लागला की पिवळा डाग एकदम लालसर होतो. बाई घाबरते, 'डाग वाढला'. वाढलेला नाही. कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीत चुना घालून कुंकू करायचे ते याच गुणावर. स्वच्छ पाण्याने धुतलं की पुन्हा पिवळं.

उरलेल्या पिवळ्यावर दोन उपाय. एक फुकटचा: ऊन. प्रकाशात कर्क्युमिन मोडतं. हळदीच्या अंगाचे कपडे उन्हात टाकले की आपोआप फिके होतात ते त्यामुळे. ओट्यावर ऊन येत नसेल तर दुसरा: मेडिकलच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड, ३ टक्क्यांचं, बेकिंग सोड्यात कालवून जाडसर लेप द्यायचा, वर प्लास्टिक घालायचं, रात्रभर ठेवून सकाळी पुसायचं. काळ्या किंवा रंगीत दगडावर आधी कोपऱ्यात करून बघा.

आणि कळकळीची विनंती: ब्लीच आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. डाग राहिला तरी चालेल.

चैत्रपालवी

मास्तर, दंडवत. लाल डागाचं कोडं आज सुटलं, सासूबाई त्याला 'सोड्याचा डाग' म्हणायच्या.

आगळाचं जरा सविस्तर सांगाल का? माझ्या दृष्टीने तोच मुद्दा मोठा आहे. कडप्प्यावर आगळ सांडलं की तिथली चकाकी जाते, हात फिरवला तर खरखरीत लागतं. घासून, तेल लावून काही उपयोग होत नाही.

बाराखडी_मास्तर

कारण तो डाग नाहीच, दगड खाल्ला गेलाय. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, शहाबादी आणि कोटा त्याच बिरादरीतले. संगमरवर तोच माल, फक्त जमिनीच्या पोटात भाजून निघालेला. हे सगळे कॅल्शियम कार्बोनेट. आगळ, लिंबू, चिंच, व्हिनेगर, कैरी, टोमॅटो, जे आंबट आहे ते त्याला पोखरतं. लिंबाचा थेंब टाकून नीट पाहिलंत तर बारीक बुडबुडेही दिसतात. पॉलिश गेल्यावर दगड उघडा पडतो आणि मग त्याच जागी हळदही घुसते. म्हणजे आगळ वाट करून देतं, हळद मागून येते. पुन्हा पॉलिश करणं एवढाच इलाज.

ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, व्हिट्रीफाइड (भाजून घट्ट केलेली टाइल) यांना स्वयंपाकातल्या आंबटाने काही होत नाही.

उंबरठा

कडप्प्याच्या बाजूनेही कुणीतरी बोला. आमच्या साताऱ्याच्या घरात आजीच्या काळापासून आहे. डाग आहेतच, पण सगळीकडे सारखे आहेत, त्यामुळे तो त्याचा रंगच झालाय. वर्षातून दोनदा खोबरेल तेलाचा हात. पाटा-वरवंटा त्यावर आपटला, खलबत्ता आपटला, तडा नाही. किंमत ग्रॅनाइटच्या मानाने काहीच नाही.

संगमरवर मात्र ओट्याला कुणी लावू नये. देवघराला ठीक.

मेलबर्नकर

इकडची एक गोष्ट सांगतो, डागांशी थेट संबंध नाही पण क्वार्ट्झचा विषय निघालाच आहे म्हणून. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदी आहे, करायला, विकायला आणि बसवायलाही. घरात वापरणाऱ्याला धोका नाही. धोका कापणाऱ्याला. त्यात सिलिकाचं प्रमाण फार, कोरडं कापताना जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. इथे तरुण कारागीर आजारी पडले, त्यानंतर हे झालं.

आमचा ओटा बंदीच्या आधीचा, क्वार्ट्झचाच. बायको हळद घालते तेव्हा खाली जुनं वर्तमानपत्र अंथरते. हा आमचा सीलर (दगडाने तेल-पाणी पिऊ नये म्हणून मारतात ते द्रावण).

जांभा_दगड

मेलबर्नकर, हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे पोरं तोंडाला रुमाल बांधून घरातच कटर चालवतात. रुमालाने ती धूळ अडत नाही. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतो, कमी इतकंच. घरमालकांनी एवढं करावं: सिंक आणि शेगडीची कापाकापी वर्कशॉपमध्ये पाणी सोडून करून घ्यावी. साइटवर करायचीच असेल तर पाण्याची बाटली धरणारा एक माणूस जास्त घ्या म्हणावं. दोन पैसे जातील.

घरगुती_डबेवाली

मी रोज चाळीसेक डबे करते, त्यामुळे माझं घर नाही, कारखाना आहे. माझा ओटा स्टीलचा, ३०४ ग्रेड, खाली प्लायवूड. हळद, तर्री, आगळ, गरम कढई, काही फरक पडत नाही. ओरखडे पडतात, पहिल्या महिन्यात जीव कळवळतो, मग सगळीकडे पडले की दिसेनासे होतात. भांडं आपटलं की शेजारी विचारतात काय पडलं. घरात आवडेलच असं नाही.

पण मला वेगळंच सांगायचंय. माझ्या आधीच्या घरात काळा ग्रॅनाइट होता, उत्तम. पिवळं काय झालं? ओटा आणि डाडो जिथे मिळतात ती रेघ. आणि सिंकच्या कडेचं पांढरं सिलिकॉन. आणि डाडोच्या टाइल्समधला पांढरा सिमेंटचा ग्राउट, शेगडीच्या मागचा. दगडाची चौकशी सगळे करतात, सांध्यांची कुणी करत नाही. वासही तिथेच येतो आणि झुरळंही तिथेच.

जांभा_दगड

सोन्यासारखं बोललात. दहातल्या आठ तक्रारी सांध्याच्या असतात. पांढरा सिमेंट ग्राउट म्हणजे स्पंजच. इपॉक्सी ग्राउट भरा, महाग आहे, भरणारा सावकाश भरतो, कटकट करतो, पण ते तेल पीत नाही. सिलिकॉन काळं किंवा करडं घ्या, पांढरं नको.

रुखवत

सीलरबद्दल कुणी बोललं नाही. फिकट ग्रॅनाइट आवडला असेल तर सीलर मारून चालतो की.

जांभा_दगड

चालतो. आत मुरणारा सीलर येतो, तो मारा, वरून चकाकी देणारं वार्निश नको. पण तो जन्माचा नसतो. पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहायचे बंद झाले की पुन्हा मारायचा. किती घरांत लक्षात ठेवून मारतात ते मी पाहिलंय, म्हणून मी सुचवत नाही. घट्ट काळ्याला बहुधा गरज पडत नाही.

पितळी_डबा

नॅनो व्हाइट म्हणून जे मिळतं ते? आणि कोरियन?

जांभा_दगड

नॅनो व्हाइट काचेच्या जातीचा. हळद चिकटत नाही, हे खरं. पण कडेला कुकर लागला की टवका उडतो आणि नंतर जोडता येत नाही. कोरियन म्हणजे अ‍ॅक्रिलिक. सांधा दिसत नाही, डाग पडला तर पॉलिशपेपरने घासून काढता येतो, ही त्याची खासियत. गरम भांडं मात्र तिथेही चालत नाही. आपल्या फोडणीला दोन्ही नकोत, हे माझं मत.

चैत्रपालवी

मंडळी, सगळं वाचून एक उद्योग केला. दुकानदाराच्या मागे लागून तुकडे आणले: काळा ग्रॅनाइट, एक फिकट करडा ग्रॅनाइट, पांढरा पॉलिश क्वार्ट्झ आणि १५ मिमीची पांढरी व्हिट्रीफाइड स्लॅब, मोरबीची. पाचवा आपला जुना कडप्पा, माळ्यावर एक पट्टी होती.

प्रत्येकावर तीन ठिपके: हळद-तिखटाची गरम फोडणी, लोणच्याचा खार आणि आगळ. रात्रभर तसंच. सकाळी सासूबाई आणि लेक दोघींसमोर कोमट साबणपाण्याने पुसलं.

काळ्यावर काही नाही. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पाहिला तरी नाही. अ‍ॅसिटोनची चाचणीही झाली, फडकं पांढरंच.

फिकट ग्रॅनाइटचं बघण्यासारखं झालं. फोडणीच्या जागी मधोमध पिवळं आणि त्याभोवती ओलसर दिसणारं कडं, कडेकडेला पसरत गेलेलं. बाल्कनीत उन्हात ठेवला, पिवळं खरंच उतरलं, मास्तरांचा जय हो. पण तेलाचं गडद कडं तसंच आहे.

क्वार्ट्झवर आगळ आणि खार साफ, हळदीची हलकी छटा. पेरॉक्साइडच्या लेपाने ती गेली. व्हिट्रीफाइडवर काहीच राहिलं नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं. कडप्प्यावर आगळाचा ठिपका पांढुरका आणि खरखरीत, बाकीचे दोन त्याच्या रंगात मिसळून गेले.

लेकीचा चेहरा व्हिट्रीफाइड बघून खुलला. पांढरी आहे, क्वार्ट्झपेक्षा स्वस्त आहे आणि गरमालाही घाबरत नाही असं दुकानदार म्हणतो. जांभादादा, यात मेख काय आहे?

जांभा_दगड

मेख बसवण्यात. व्हिट्रीफाइड पाणी पीत नाही, अर्ध्या टक्क्याच्या आतच, म्हणून डाग नाही. गरम भांड्यालाही दगडापेक्षा वाईट नाही. पण ठिसूळ. खाली पोकळी राहिली आणि वरून खलबत्ता पडला तर तडा. फुल बॉडी घ्या, म्हणजे कड मोल्डिंग केल्यावर आतला रंग वेगळा दिसणार नाही. नक्षी फक्त वर छापलेली असेल तर कडेला उघडी पडते. खाली अखंड आधार, पूर्ण चिकटवून, सिंकच्या कापलेल्या कोपऱ्यांना गोलाई. काटकोनात कापलं की तडा तिथूनच सुरू होतो.

तुमच्या घरात कुटणं-ठेचणं आहे का?

चैत्रपालवी

सासूबाई ठेचा खलबत्त्यातच करतात. मिक्सरचा ठेचा त्यांना ठेचा वाटत नाही.

तर्रीबाज

मग मी पहिल्या प्रतिसादात काय म्हणालो होतो?

चैत्रपालवी

तह झाला आहे. शेगडी आणि सिंकचा मुख्य ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, पॉलिश फिनिश, कडेला अर्धगोल मोल्डिंग आणि खालून पाणी निथळायची खाच. समोरचा छोटा ओटा, जिथे मायक्रोवेव्ह, टोस्टर आणि लेकीचं बेकिंग, तो पांढऱ्या व्हिट्रीफाइडचा. फोडणी, लोणची, आगळ, खलबत्ता यांना तिकडे प्रवेशबंदी. कडप्प्याच्या पट्ट्या टाकत नाहीये, बाल्कनीत कुंड्यांसाठी मांडणी होईल.

डाडोला इपॉक्सी सांगितलंय. रंगावरून पुन्हा वाद: टाइल्स फिकट, ग्राउट पांढरा घ्यावा की करडा?

घरगुती_डबेवाली

करडा. शेगडीच्या मागे तर नक्कीच. आणि ओटा बसल्यावर सिंकमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी खालच्या ट्रॉलीत हात फिरवून बघा. मिस्त्रीचे शेवटचे पैसे त्यानंतर द्या.

जांभा_दगड

आणि काम झाल्यावर सिमेंटचे शिंतोडे काढायला तो अ‍ॅसिडची बाटली काढेल. काढू देऊ नका. ग्रॅनाइटचं फार बिघडणार नाही, पण सांध्यांचा सिमेंट आणि नवीन सिंक दोन्ही खराब होतील. ओलं असतानाच फडक्याने पुसून घ्यायला लावा.